कोरी कॅसेट

"वकील, हा पांढरा काळोख उठायचा कधी रे?"

शेवंतीबाई म्हार्दोळकर आमच्या खिडकीशी उभ्या होत्या. अंगावर नऊवारी, त्यावर माझा जाडजूड तपकिरी स्वेटर आणि पायांत माझ्या बायकोचे लोकरी मोजे. खिडकीबाहेर काहीच नव्हतं. रस्ता, समोरची घरं, रांगेत लावलेल्या मोटारी, सगळं बर्फाखाली गेलं होतं, आणि उरलं होतं ते खाली येणाऱ्या बर्फात दिसत नव्हतं.

"रेडिओ म्हणतोय अजून चार-पाच दिवस गाड्या बंद," मी म्हणालो. "आणि माई, मी वकील नाही. वकिलांच्या ग्रंथालयात पुस्तकं लावतो."

"तेच ते," माई म्हणाल्या. "म्हार्दोळला देवळाबाहेर फुलं विकणाऱ्यालाही आम्ही भटजीच म्हणत होतो."

ही गोष्ट फेब्रुवारी १९७८ची. आम्ही तेव्हा बॉस्टनला लागून असलेल्या सॉमरव्हिल गावात एका लाकडी घराच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, मी आणि नलिनी. माई गोव्याच्या गायिका, वय एकाहत्तर. आयुष्यात पहिल्यांदाच परदेशी आल्या होत्या. मंगळवारी त्यांच्या गाण्याची बैठक आमच्याच घरी ठरली होती, चाळीसेक मराठी माणसं येणार होती. माई रविवारी उतरल्या आणि सोमवारी बर्फ सुरू झालं. ते असं पडलं की राज्यभर मोटारी चालवायला बंदी आली. बैठक बारगळली, तबलजी न्यू जर्सीत अडकला, आणि माई, त्यांचा तंबोरा आणि आम्ही दोघं एवढेच त्या पांढऱ्या पोकळीत राहिलो.

ते दिवस मला अजून नीट खरे वाटत नाहीत. घड्याळाला काही अर्थ उरला नव्हता. माणसं भर रस्त्यातून पाठीवर पोती घेऊन चालत दुकानात जायची, पण पावलांचा आवाज वर येत नसे. घर गरम ठेवणारा रेडिएटर तेवढा मधूनच टकटक करायचा. माई जेवायच्या, डुलकी काढायच्या, उठून विचारायच्या, "सकाळ की संध्याकाळ?" आणि आम्हालाही आठवून सांगावं लागायचं.

आता माझ्याबद्दल. मला गाण्याचं वेड होतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. खरं सांगायचं तर मला कॅसेटींचं वेड होतं. बुटांच्या खोक्यांत भरलेल्या दोनशे अकरा कॅसेटी होत्या माझ्याकडे, सगळ्या घरगुती बैठकींच्या. कुणी गवई अमेरिकेत आला की कुठल्या तरी दिवाणखान्यात गायचा, कोपऱ्यात कुणीतरी यंत्र लावायचं, आणि महिन्याभरात त्याच्या नकला शिकागोपासून ह्यूस्टनपर्यंत पोचायच्या. गवयाला कुणी विचारत नसे. गंमत म्हणजे त्याच जानेवारीत अमेरिकेत नवा कॉपीराइट कायदा लागू झाला होता आणि आमच्या वकिलांकडे टेपचोरीचा एक खटला आला होता. दिवसभर मी तळघरातून चोरीच्या विरुद्धचे जुने निकाल शोधून वर पाठवायचो आणि संध्याकाळी घरी येऊन कॅसेटींच्या नकला काढायचो. यात काही विनोद आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नलूला गाण्यातलं काही कळत नाही, असं मी धरून चाललो होतो. ती मिरजेची. लहानपणी त्यांच्या घराला लागूनच तंबोरे बनवणाऱ्याचा कारखाना होता, एवढाच तिचा गाण्याशी संबंध. माझ्या कॅसेटी चालू असल्या की ती भाजी निवडत बसायची, आणि मला तिची जरा कीवच यायची.

बुधवारी दुपारी माई तंबोरा छेडत बसल्या होत्या. स्वयंपाकघरातून नलू म्हणाली, "माई, खर्ज उतरलाय. रेडिएटरनं भोपळा सुकतोय बहुतेक. इकडे आणून ठेवू का, वाफेजवळ?"

माईंनी चौथी तार पुन्हा छेडली. मग खुंटी हळूच पिळली. "होय गो बाय," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे जरा वेळ बघत राहिल्या. मी तेव्हा कॅसेटींची यादी करत होतो.

त्याच दुपारी त्यांनी विचारलं, "काय रे लिहिलेलं असतं तुझ्या त्या पुस्तकांत?"

मला असलं कुणी विचारतच नसे. मी खुलून एक निकाल सांगितला. आठवड्यापूर्वीच तो माझ्या हाताला लागला होता, इतका जुना की पानांच्या कडा झडत होत्या. १८६० सालचा, इथल्याच बॉस्टनचा. एका नटीनं एका नाटकाचे हक्क पैसे मोजून घेतले होते. नाटक छापलेलं नव्हतं. दुसऱ्या एका नाटकघरानं तेच नाटक लावलं. बाई कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, जो प्रेक्षक तुमच्यासमोर बसून ऐकतो आणि त्याच्या स्मरणात जे राहतं ते पुन्हा करून दाखवतो, त्याला अडवता येणार नाही.

"आणि कुणी लपून लिहून घेतलं तर?" माईंनी लगेच विचारलं.

"त्यावर न्यायमूर्तींनी मत दिलंच नाही. स्मरणापुरतं सांगितलं आणि थांबले."

माईंनी दोन्ही हात मांडीवर आपटले. "शहाणा माणूस! गाणं शिकलेला असणार."

"नाटकाबद्दल होतं, माई."

"एकच रे ते." त्या खिडकीकडे वळल्या. मला नाही तर बर्फाला सांगावं तशा बोलू लागल्या. "माझ्या आईनं एक चीज बांधली होती. तोडीतली. आई शिकवत असे एका मुलीला, पोटच्या पोरीसारखी. त्या मुलीनं ती चीज मुंबईला जाऊन तबकडीत भरली. तबकडीवर नाव कुणा तिसऱ्याचंच, कंपनीनं घातलेलं. आईनं ती ऐकली कुठं, ठाऊक आहे? मडगावच्या एका हॉटेलात. चहा पीत होती. वेटरला म्हणाली, हे माझं आहे. तो हसला."

"मग?"

"मग काय. आईनं ती चीज परत गायिली नाही. पुढं मरायच्या आधी दुसरी बांधली, तोडीतलीच, ती मला दिली. शपथ घालून. तोंडातून कानात द्यायची. यंत्राला द्यायची नाही. ऐकून कुणी नेली तर नेऊ दे, जेवढी पेलेल तेवढी त्याची."

"मग कुणाला दिलीत?"

"कुणाला देऊ? माझ्या लेकीला गाणं नको. शिष्या येतात त्या पहिल्या दिवशी टेपरेकॉर्डर पिशवीतून काढतात." त्या हसल्या, पण डोळे भरून आले होते. "आता वर जाऊन आईला काय सांगू? बरोबर परत घेऊन आले म्हणून?"

मी मान खाली घातली. मला खरंच वाईट वाटलं होतं. पण त्या वाईट वाटण्याच्या आतच दुसरं काहीतरी चळवळायला लागलं होतं, हेही लपवत नाही. अशी चीज, जी कुणाच्याच खोक्यात नाही! न्यू जर्सीचे तज्ज्ञ, शिकागोचे दर्दी, सगळे माझ्या पाया पडायला आले असते. वर मनाची समजूतही तयार होती. ही बाई गेली की चीज गेली. मी वाचवतोय.

"माई, आम्हाला एकदा ऐकवाल?" मी विचारलं.

"यंत्र नाही ना?"

"छे, छे."

आज सत्तरी ओलांडल्यावरही ते 'छे, छे' आठवलं की माझे कान गरम होतात.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला मळभ हटलं आणि ऊन पडलं. असलं ऊन मी त्याआधी पाहिलं नव्हतं. खालून, वरून, समोरच्या छपरावरून, सगळीकडून ते घरात येत होतं. भिंती नाहीशा झाल्यासारख्या वाटत होत्या. माई सतरंजीवर बसल्या, तंबोरा मांडीशी उभा धरला. त्यांच्या मागच्या कपाटात, नलूच्या शालीखाली, मी नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घालून यंत्र लावून ठेवलं होतं. एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. हिशेब सोपा होता. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला खोकल्याचं निमित्त करून उठायचं आणि बाजू उलटायची.

"धूप धरी अँगना में, कोऊ न ले जाय," माईंनी सुरुवात केली. अंगणात ऊन ठेवलंय, कुणी नेत नाही. एवढंच. पण तो 'धूप' शब्द त्या इतक्या परीनं ठेवत होत्या की आमच्या त्या खोलीत खरंच कुणीतरी एकेक परात ऊन आणून ठेवतंय असं वाटायला हवं होतं. हवं होतं म्हणतो, कारण मी घड्याळ बघत होतो. बारा मिनिटं. एकोणीस मिनिटं. तंबोऱ्याचा आवाज जास्त येत असेल का? शाल जाड आहे का? एकतीस. नलू कणीक मळता मळता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. हात तसेच, कणकेनं भरलेले. हिला धुवायला काय होतं, असं माझ्या मनात आलं.

त्रेचाळीस. मी मांडी सैल केली, घसा साफ केला. आणि नेमक्या त्याच क्षणी माईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. अंतरा घेतला. माझ्याकडे बघत, हात माझ्या दिशेनं पुढे करून, जणू तो मलाच द्यायचा होता.

ज्यानं कधी बैठक ऐकली आहे त्याला माझी अवस्था कळेल. गाणाऱ्यानं तुमच्या नजरेत नजर घालून अंतरा मांडला की उठता येत नाही. घराला आग लागली तरी उठता येत नाही. मी गाणं चोरत होतो, शपथ मोडत होतो, पण ती रीत मोडणं मला जमलं नाही. मी 'वा' म्हणत बसून राहिलो. आणि कपाटात खट्कन आवाज झाला.

यंत्राचं बटण आपोआप वर आलं होतं. त्या शांत घरात तो आवाज बंदुकीसारखा वाटला. माईंचा सूर हलला नाही. नजरही हलली नाही. त्यांनी अंतरा पूर्ण केला, परत घेतला, तिसऱ्यांदा घेतला, समेवर आल्या आणि तंबोरा खाली ठेवला.

"यंत्र थांबलं, वकील," त्या म्हणाल्या. "उलटायचं राहिलं तुझं."

मी कपाट उघडलं, शाल बाजूला केली, यंत्र आणून त्यांच्यासमोर ठेवलं. नलूनं "अहो!" एवढंच म्हटलं. त्या 'अहो'मध्ये सगळं होतं.

"अंतरा आलाय यात?" माईंनी विचारलं.

"पुरता नाही. मध्येच संपली."

"मग अंतरा तू सांग. तुझ्याचकडे बघून तीनदा म्हटला मी."

मी तोंड उघडलं. 'साँझ' असा काहीतरी शब्द होता. बाकी आठवेना. सुरावट तर मुळीच नाही. तीनदा माझ्यासमोर ठेवलेला अंतरा मी ऐकलाच नव्हता. त्या खट् आवाजाची वाट बघत होतो, आणि तो झाल्यावर शिक्षेची.

"बघ," माई म्हणाल्या. रागानं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्या न्यायाधीशासमोर उभा केला तर सुटशील तू. तुझ्याजवळ काहीच मिळायचं नाही."

मग त्यांनी विचारलं, यातलं पुसायचं कसं? मी सांगितलं, त्याच बाजूवर पुन्हा भरलं की आधीचं जातं. काहीच न बोलता यंत्र चालू ठेवलं तरी चालतं.

"लाव मग. मोकळ्या घराचा आवाज भर. आणि तू खाली जा, बाहेरच्या पायऱ्यांवरचा बर्फ उपस. बाजू संपेपर्यंत वर यायचं नाही."

मी कॅसेट मागे फिरवली, तांबडं बटण दाबलं आणि फावडं घेऊन खाली गेलो. बाहेर ऊन इतकं होतं की डोळे मिटूनच उपसावं लागत होतं. शेजारचा म्हातारा आयरिश माणूस त्याच्या पायऱ्या मोकळ्या करत होता, त्यानं हात केला. मी रडत होतो. त्याला थंडीचं पाणी वाटलं असेल.

वर आलो तेव्हा बाजू संपली होती. माई आणि नलू स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. मी कॅसेट काढली, चिठ्ठीवर 'कोरी' लिहिलं आणि खोक्यात टाकली. ती पुन्हा वापरायला हात धजला नाही.

पुढचे तीन-चार दिवस माई माझ्याशी नीट बोलल्या, जेवताना थट्टाही केली, पण बाकीचा सगळा वेळ स्वयंपाकघरात नलूपाशी. दार लोटून. मला ती शिक्षा वाटली आणि ती रास्तही वाटली. सोमवारी रस्ते उघडले. निघताना मी वाकलो तेव्हा माईंनी पाठीवर हात ठेवला. "कानाला यंत्र लावू नको रे," म्हणाल्या. "देवानं दिलंय ते बरं आहे."

चार वर्षांनी माई गेल्या. कुणीतरी वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. त्यात त्यांच्या एका शिष्येनं लिहिलं होतं की आईकडून मिळालेली एक तोडीतली चीज माईंनी कुणालाच दिली नाही, ती त्यांच्याबरोबर गेली. मी ते नलूला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. "हं," म्हणाली. त्यानंतर कित्येक वर्षं मी दर्दी मंडळींत ती गोष्ट हळहळत सांगायचो. माझ्या चोरीचा भाग वगळून, अर्थात. नलू तिथंच असायची, चहा द्यायची.

गेल्या वर्षी आमच्या मुलानं सगळ्या कॅसेटी संगणकात भरायला घेतल्या. मी एकेक लावून देत होतो. 'कोरी' हातात आली तेव्हा तो म्हणाला, ही टाकून देऊ? मी म्हटलं, असू दे, लाव. त्याला काम होतं, तो निघून गेला. मी कानाला यंत्र लावून बसलो.

आधी काही नाही. मग रेडिएटरची टकटक. माझीच, जिना उतरणारी पावलं. कुठंतरी खाली फावड्याची खरखर. मला ती खोली दिसायला लागली, ते सगळीकडून येणारं ऊन, सतरंजीवर आडवा ठेवलेला तंबोरा. पाच मिनिटं, सात मिनिटं, नुसतं रिकामं घर. तीस-एकतीस वर्षांचा मी तिथं बाहेर बर्फ उपसत होतो आणि इथं मी ते ऐकत होतो, आणि यातला खरा कोण हे क्षणभर कळेना.

मग स्वयंपाकघरातून बारीक गुणगुणणं. पोळी लाटता लाटता करतात तसं. सतरंजीवरून कुणीतरी उठलं, नऊवारीची सळसळ यंत्राजवळून गेली. दार लोटल्याचा आवाज. आणि त्या बंद दारामागून, शब्द कळू नयेत इतके अस्पष्ट, दोन आवाज. एक म्हातारा, एक कोवळा. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं परत म्हणायचं. म्हाताऱ्यानं थांबवायचं, पुन्हा म्हणायचं. बाजू संपेपर्यंत, पस्तीस मिनिटं.

ज्या बाईला अंतऱ्याच्या मध्यावर कपाटातला खट् आवाज ऐकू आला, ती यंत्र चालू आहे हे विसरली असेल असं मला वाटत नाही. तिनं दार लावून घेतलं, एवढंच.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. नलू आता पंच्याहत्तरीची आहे. कोथिंबीर निवडत होती.

"तुला ती चीज येते," मी म्हणालो. 

तिनं वर पाहिलं. माझ्या गळ्यात लोंबणारी ती कानावरची यंत्रं पाहिली आणि तिला कळलं.

"येते," ती म्हणाली.

"सेहेचाळीस वर्षं, नलू! मी जगभर सांगत फिरलो की गेली म्हणून. एकदा तरी म्हणायचं होतंस!"

"तुम्ही कधी विचारलंत?" काडी काडी वेगळी करत ती म्हणाली. "आणि माईंनी शपथ घातली होती. मागेल त्याला द्यायची, पण हाती यंत्र असलेल्याला नाही. तुमच्या हाती कधी नव्हतं, ते सांगा."

"आणि कुणाला दिलीस का?"

"दिली की. वैदेहीला." वैदेही आमची नात, एकोणीस वर्षांची. "दर रविवारी फोनवर बोलतो म्हणजे काय तुमच्या रक्तदाबाबद्दल बोलतो?"

मी खुर्चीवर बसलो. का कोण जाणे, मला त्या जुन्या निकालाची आठवण झाली. "माईंना मी एक गोष्ट सांगितली नव्हती," मी म्हणालो. "तो स्मरणाचा निकाल बावीस वर्षांनी त्याच कोर्टानं फिरवला. पुढच्या पुस्तकात होतं. मला माहीत होतं. त्या इतक्या खूश झाल्या होत्या, म्हणून बोललो नाही."

नलू हसली. "माईंचा त्या कोर्टाशी काय संबंध होता?"

कोथिंबिरीची जुडी तिनं बाजूला सारली, हात धुतले, पदराला पुसले. मी समोर बसून होतो. मागायचं धाडस होत नव्हतं, पण ती माझ्याकडे बघत होती, तशीच, नजरेत नजर घालून.

"गळ्यातलं ते बाहेर ठेवून या," ती म्हणाली. "आणि घड्याळही."

मी दोन्ही बाहेरच्या टेबलावर ठेवली. परत आलो, दार लावून घेतलं. नलूनं तंबोऱ्याशिवायच षड्ज लावला, आणि पन्नास वर्षांच्या संसारात मी तिचा गाता आवाज पहिल्यांदा समोर बसून ऐकला. किती वेळ ती गात होती मला सांगता यायचं नाही. अंतरा मात्र सांगतो: साँझ भई तो देखा, हाथन में ताप रह्यो. संध्याकाळ झाल्यावर पाहिलं, तर ऊब हातांत राहिली होती.